पीडितांना मदत करणाऱ्या संस्थांचे सर्वेक्षण: प्रश्नावलीआधी यादी धुऊन घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुन्ह्याला बळी पडलेल्यांना मदत करणाऱ्या संस्थांचे सर्वेक्षण करायचे आहे. चार-पाच ठिकाणांहून जमवलेली १,००० नावांची यादी आहे, ४० प्रश्नांची प्रश्नावलीही तयार आहे. ती ईमेलने पाठवावी की फोनवर भरून घ्यावी, आणि किती टक्के उत्तरे आली म्हणजे पुरे?

इतक्यात काहीच पाठवू नका. या प्रकारच्या सर्वेक्षणात नुकसान बहुतेक वेळा यादीत झालेले असते, आणि ते प्रश्नावलीने भरून निघत नाही. १,००० नावे म्हणजे १,००० संस्था नव्हेत.

आधी ठरवायचे ते हे की 'संस्था' म्हणून नक्की काय मोजणार. महिलांचे निवारागृह किंवा बलात्कारपीडितांसाठीचे केंद्र सोपे असते, कारण त्यांचे सगळे कामच ते असते. अवघड असतात ते सरकारी वकिलांच्या कार्यालयातला पीडित-साक्षीदार कक्ष, पोलीस ठाण्यातले समुपदेशक, रुग्णालयातला न्यायवैद्यक परिचारिकांचा गट, विद्यापीठातली तक्रार समिती आणि कायदेविषयक मोफत मदत देणारे केंद्र. रुग्णालय ही पीडितसेवा संस्था नाही, पण त्यातला एक कक्ष आहे. मग उत्तर कक्षाने द्यायचे की रुग्णालयाने? कर्मचारी विचारल्यावर कोणी २,००० लिहील, कोणी ६.

अमेरिकेच्या न्याय खात्यातील आकडेवारी विभागाने, ब्युरो ऑफ जस्टिस स्टॅटिस्टिक्सने, २०१७ मध्ये अशा संस्थांची पहिली राष्ट्रीय गणना केली, तेव्हा हाच पेच होता. त्यांनी धरलेली कसोटी कामाची आहे: पीडितांना मदत हे संस्थेचे मुख्य काम असावे, किंवा मोठ्या संस्थेत त्यासाठी वेगळा कार्यक्रम वा खास नेमलेली माणसे असावीत. त्या कसोटीवर सुमारे १२,२०० संस्था बसल्या. पुढे २०१९ मध्ये सखोल प्रश्नांचे नमुना सर्वेक्षण झाले. आधी छोट्या प्रश्नांनी सगळ्यांची गणना, मग त्यातून निवडलेल्यांना मोठी प्रश्नावली, हा क्रम उचलण्यासारखा आहे. १,००० नावांच्या कामातही तो जमतो.

आता यादी. अनुदान मिळालेल्यांची यादी, महासंघांच्या सभासदांची यादी, हेल्पलाईनवाले ज्यांच्याकडे लोकांना पाठवतात त्यांची यादी आणि सरकारी खात्यांची सूची, असे चार स्रोत असतील तर प्रत्येक नावापुढे ते कुठून आले याचा रकाना ठेवा. पुढे तो दोन कामांना येतो. एकाच स्रोतात सापडलेल्या नावांमध्ये बंद पडलेल्या किंवा कसोटीवर न बसणाऱ्या संस्था जास्त निघतात हे त्यावरूनच कळते. आणि कुठला स्रोत जोडला नसता तर कोण सुटले असते, तेही दिसते. सुटतात ते बहुधा अनुदानाशिवाय, स्वयंसेवकांवर चालणारे छोटे गट.

दुबार नावे काढताना नुसते नाव जुळवून भागत नाही. फोन क्रमांक, ईमेलचा '@' नंतरचा भाग आणि पत्ता असे तिन्ही जुळवा. दोन जुळले तर नोंद संशयित धरा आणि माणसाने ती डोळ्यांनी पाहावी. समजा तीन नोंदी अशा आहेत: 'आधार केंद्र', 'आधार महिला व बाल साहाय्य केंद्र' आणि 'आधार न्यास'. पहिल्या दोघींचा फोन एकच आहे, तिसरीचा वेगळा, पण ईमेल तिघींचे एकाच ठिकाणचे. पहिल्या दोन म्हणजे एकच निवारागृह, जुन्या आणि नव्या नावाने. तिसरी त्यांची पालकसंस्था असू शकते, किंवा त्याच न्यासाचे दुसऱ्या शहरातले स्वतंत्र केंद्रही. इथे संगणकाचे कौशल्य संपते आणि एक फोन करावा लागतो. उलट बाजूही आहे. निवारागृहे पत्ता गुप्त ठेवतात आणि टपालपेटीचा क्रमांक देतात. एकाच टपालपेटीवर दोन खरोखर वेगळ्या संस्था असू शकतात, म्हणून पत्ता जुळला एवढ्यावरून नाव कापू नका.

शाखांचा नियम एकदाच लिहून ठेवा. मला पटणारा नियम असा: ज्या शाखेचे स्वतःचे अंदाजपत्रक किंवा स्वतःचा प्रमुख आहे ती वेगळी संस्था, बाकी सगळे मुख्यालयात. नियम कुठलाही चालेल, पण मुख्यालयाला पत्र पाठवताना 'हे उत्तर पुढील केंद्रांसह द्यावे' असे लिहून खाली केंद्रांची नावे द्या. नाहीतर मुख्यालय पाच शाखांचा आकडा देते, त्यातल्या दोन शाखा स्वतंत्र उत्तर पाठवतात, आणि एकूण बेरीज फुगते. ही चूक आकडेवारीत नंतर सापडत नाही, कारण प्रत्येक उत्तर एकेकटे पाहिले तर बरोबरच असते.

किती टक्के पुरे, या प्रश्नाचे उत्तरही यादीतच आहे. एक हिशेब करून पाहा. १,००० नावांत १०० दुबार निघाली, राहिली ९००. त्यांतल्या १५० बंद पडलेल्या किंवा कसोटीत न बसणाऱ्या निघाल्या. ५४० जणांनी उत्तर दिले. ६० कसोटीत बसतात हे कळले, पण त्यांनी नकार दिला. उरलेल्या १५० कडून काहीच कळले नाही; त्या अस्तित्वात आहेत की नाहीत, तेही नाही. आता प्रतिसाद किती? घाईत ५४० ला १,००० ने भागणारा ५४ टक्के म्हणेल. चांगले दाखवायची हौस असलेला ६०० ने भागून ९० टक्के म्हणेल. बरोबर पद्धत अशी: ज्यांचे कळले त्या ७५० पैकी ६०० पात्र होत्या, म्हणजे ८० टक्के. हेच प्रमाण न कळलेल्या १५० ला लावा. त्यांतल्या १२० पात्र धरल्या. ५४० भागिले ७२०, म्हणजे ७५ टक्के. अहवालात हा आकडा द्या आणि तो कसा काढला तेही एका ओळीत लिहा. सगळ्या १५० पात्र धरल्या तर ७२ टक्के येतो. तो किमान आकडा म्हणून सोबत द्या.

हे जमण्यासाठी प्रत्येक नावाचा शेवट एका सांकेतिक क्रमांकाने नोंदवावा लागतो: पूर्ण, अपुरे, नकार, संपर्क नाही, पात्र नाही, बंद, दुबार. 'उत्तर आले नाही' असा एकच कप्पा ठेवलात तर वरचा हिशेब कधीच होणार नाही.

पण एकूण ७५ टक्के ही काही सुरक्षिततेची हमी नव्हे. पोलीस आणि सरकारी वकिलांच्या कार्यालयांत उत्तर द्यायला वरिष्ठांची परवानगी लागते, त्यामुळे तिथे वेळ जातो. छोट्या स्वयंसेवी गटांकडे फॉर्म भरायला माणूसच नसतो. मधल्या आकाराच्या, अनुदानावर चालणाऱ्या संस्था मात्र झटकन भरून देतात, कारण अनुदानाच्या अहवालासाठी त्यांनी आकडे काढलेलेच असतात. निवारागृहांकडून ८५ टक्के आणि पोलीस कक्षांकडून ४० टक्के अशी उत्तरे आली, तर एकत्रित सरासरी ही मुख्यतः निवारागृहांची सरासरी असते. म्हणून प्रतिसाद प्रकारानुसार आणि आकारानुसार दर आठवड्याला पाहा, आणि मागे पडलेल्या गटावर फोनची माणसे वळवा. शेवटी भारांक, म्हणजे एक उत्तर किती संस्थांइतके धरायचे तो आकडा, लावायचाच आहे. एखाद्या गटात ६० पात्र संस्थांपैकी ४० नी उत्तर दिले, तर प्रत्येकीचा भारांक १.५. पण भारांक हे गृहीत धरतो की न बोललेल्या २० बोललेल्या ४० सारख्याच आहेत. तसे नसेल तर तो ती चूक फक्त मोठी करून दाखवतो. नमुना काढणार असाल तर सर्वांत मोठ्या संस्था नशिबावर सोडू नका, त्या सगळ्या घ्या. एकूण सेवेचा बराच भाग त्या थोड्यांकडे असतो. त्यांतली एक सुटली तरी बेरीज डळमळते.

आता प्रश्नावली. ४० प्रश्न फार नाहीत, जर त्यांची उत्तरे संस्थेच्या नोंदवहीत असतील. नसतील तर १५ सुद्धा फार होतात. प्रश्न लिहिण्याआधी वेगवेगळ्या प्रकारच्या ८ ते १२ संस्थांना त्यांचे रजिस्टर, एक्सेल किंवा सॉफ्टवेअर कसे चालते ते विचारा, आणि कच्ची प्रश्नावली त्यांच्यासमोर मोठ्याने भरायला लावा. कुठे थांबतात, कोणता आकडा 'अंदाजे' लिहितात, कोणत्या शब्दाला 'म्हणजे काय?' विचारतात, ते टिपा.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो एका साध्या प्रश्नावर: 'गेल्या वर्षी किती पीडितांना सेवा दिली?' एक बाई मार्चमध्ये हेल्पलाईनवर तीनदा बोलली, एप्रिलमध्ये दोन मुलांसह निवारागृहात आली, जूनमध्ये तिच्याबरोबर कोणी न्यायालयात गेले, आणि ऑगस्टमध्ये समुपदेशन सुरू झाले. निवारागृहाच्या वहीत ती तीन माणसे आहे, हेल्पलाईनच्या वहीत तीन कॉल, कायदेविषयक विभागात एक प्रकरण, आणि समुपदेशकाच्या वहीत नऊ सत्रे. एकाच संस्थेतले चार कारकून चार आकडे देतील आणि एकही खोटा नसेल. म्हणून आकडा विचारण्याआधी 'तुमच्याकडे मोजणी कशाची होते: व्यक्ती, प्रकरणे, की संपर्क?' हा प्रश्न घाला. हेल्पलाईनचे कॉल पूर्णपणे वेगळ्या रकान्यात घ्या. निनावी कॉलमध्ये व्यक्ती मोजता येत नाही, तो आग्रह धरूच नये. आईबरोबर आलेली मुले पीडित धरायची की सोबती, हे तुम्ही ठरवून प्रश्नातच लिहा. गेल्या वर्षीपासून चालू असलेली प्रकरणे धरायची का, तेही. खुनात मारलेल्याचे कुटुंबीय बहुतेक ठिकाणी पीडित धरले जातात, पण तेही लिहिलेले हवे. आणि आकड्यापुढे 'नोंदीवरून' की 'अंदाजे' अशी खूण करू द्या. विश्लेषणाच्या वेळी या खुणेइतका उपयोगी रकाना दुसरा नाही.

वर्ष कोणते? अनुदान देणाऱ्याचे वर्ष एक, संस्थेचे आर्थिक वर्ष दुसरे, कॅलेंडरचे तिसरे. सगळ्यांना एकच १२ महिने सक्तीने दिले तर अनेकांना आकडे नव्याने काढावे लागतात, आणि ते काढत नाहीत, अंदाज लिहितात. 'तुमचे शेवटचे पूर्ण झालेले अहवाल वर्ष, आणि ते कोणत्या महिन्यात संपले' असे विचारलेले बरे. तुलना किंचित सैल होते, पण आकडा खरा मिळतो.

गुन्ह्याचे प्रकार विचारताना एका पीडितावर एकापेक्षा जास्त गुन्हे झालेले असतात हे लक्षात ठेवा. टक्केवारीची बेरीज १०० च्या पुढे जाणारच. ती जबरदस्तीने १०० वर आणायला सांगितली, तर संस्था तिच्या अनुदानाच्या नावाखालचा गुन्हा लिहिते आणि बाकीचे पुसते. कौटुंबिक हिंसेच्या निधीवर चालणाऱ्या केंद्राकडे पाठलागाची, आर्थिक फसवणुकीची प्रकरणे नसतात असे नव्हे. ती वेगळ्या नावाखाली जातात.

सेवांची यादी 'लागू असेल तिथे खूण करा' अशी देऊ नका. प्रत्येक सेवेपुढे हो किंवा नाही असे सक्तीचे उत्तर ठेवा. नुसत्या खुणांच्या यादीत लोक वरच्या चार-पाचांवर खूण करून पुढे जातात, आणि रिकामी चौकट म्हणजे 'नाही' की 'वाचलेच नाही' हे कळत नाही. हो-नाही मध्ये लोक प्रत्येक ओळ वाचतात, म्हणून 'हो' ची संख्याही जास्त येते. तिसरा पर्याय हवा: 'स्वतः देत नाही, पण दुसरीकडे पाठवतो'. तो नसेल तर कायदेविषयक सल्ला सगळ्याच संस्था देतात असे चित्र उभे राहील.

कर्मचाऱ्यांबाबत डोकी मोजू नका. पूर्णवेळाच्या हिशेबात मोजा, आणि तो हिशेब संस्थेवर सोडू नका. पूर्णवेळ किती, अर्धवेळ किती, असे दोन आकडे घ्या आणि बेरीज तुम्ही करा: ३ पूर्णवेळ, ४ अर्धवेळ, म्हणजे ५. स्वयंसेवक वेगळे. हे सगळे एका ठरावीक तारखेचे असावे. रिक्त पदे आणि वर्षभरात सोडून गेलेले, हे दोन प्रश्न मात्र जरूर ठेवा. या क्षेत्रात माणसे पटापट बदलतात, आणि पाच माणसांतली तीन नवी असणे हे सेवेबद्दल खूप काही सांगते.

पैशाचा प्रश्न शेवटी ठेवा आणि रकमेचे गट द्या. एक सापळा आहे. अमेरिकेत १९८४ च्या पीडित कायद्याखालचा केंद्र सरकारचा निधी राज्यांमार्फत संस्थांपर्यंत पोचतो. धनादेश राज्याकडून येतो म्हणून संस्था तो 'राज्य सरकार' असा लिहिते, आणि केंद्राचा वाटा कमी दिसतो. जिथे जिथे पैसा मधल्या हातातून येतो तिथे हेच होते. उपाय: 'केंद्र की राज्य' असे न विचारता योजनांची नावे द्या आणि वर्गवारी नंतर तुम्ही करा.

किती जणांना मदत देता आली नाही, हा सगळ्यांना हवा असलेला आकडा, आणि सर्वांत कच्चाही. नाकारलेल्यांची वही फार थोडे ठेवतात. खाट नव्हती म्हणून दुसऱ्या शहरात पाठवले, तर ती पुरवलेली गरज की न पुरवलेली? वर्षभराचा आकडा मागितला तर कोणी शून्य लिहील, कोणी ५००, दोन्ही निरुपयोगी. यावर चांगला उतारा म्हणजे एका दिवसाची मोजणी. अमेरिकेतील नॅशनल नेटवर्क टू एंड डोमेस्टिक व्हायोलन्स २००६ पासून अशी गणना करते: ठरलेल्या २४ तासांत किती जण आले, कोणती सेवा मिळाली, किती मागण्या पुऱ्या करता आल्या नाहीत. दिवस आधी जाहीर असतो, म्हणून त्या दिवशी मुद्दाम नोंद ठेवली जाते. मात्र त्या आकड्याला ३६५ ने गुणू नका. तीच बाई दुसऱ्या दिवशीही निवारागृहातच असते.

गोपनीयतेत दोन गोष्टी नवख्यांकडून हमखास सुटतात. पहिली, फोन कुठे करायचा. निवारागृहाचा जाहीर क्रमांक बहुधा संकटकाळची हेल्पलाईन असतो. सर्वेक्षणासाठी तो अडवणे म्हणजे कुणाचा तरी कॉल अडवणे. कार्यालयीन क्रमांक मिळेपर्यंत ईमेल किंवा पत्रच वापरा, आणि फोन करणाऱ्यांच्या पडद्यावरून हेल्पलाईनचे क्रमांक काढूनच टाका. नुसती सूचना पुरत नाही. दुसरी, मोकळ्या चौकटी. 'अडचणी सांगा' अशा जागी लोक कळकळीने एखादे प्रकरण लिहितात: गावाचे नाव, वय, नवऱ्याचा हुद्दा. चौकटीच्या वरच 'कोणत्याही व्यक्तीबद्दल लिहू नये' असे लिहा, आणि तरीही आलेला मजकूर फाईल कोणाकडे जाण्याआधी एका माणसाने वाचून पुसावा. पीडितांच्या वैयक्तिक नोंदी तर मागायच्याच नाहीत. अनेक संस्थांवर कायद्याने किंवा अनुदानाच्या अटीने बंधन असते, आणि नुसते मागितले तरी विश्वास जातो.

आता ईमेल की फोन: दोन्ही, क्रमाने. आधी प्रमुखाच्या नावे पत्र. सर्वेक्षण कोणाच्या पैशाने, कशासाठी, आणि उत्तरांचा अनुदानाशी संबंध नाही, हे त्यात स्पष्ट असावे. खरोखर संबंध नसावा, हेही आलेच. अनुदान देणाराच विचारत असेल तर आकडे वर सरकतात. आठवड्याने लिंक, सोबत छापून भरता येईल असा कोरा तक्ता, कारण आकडे तिघांकडून गोळा होतात: लेखापाल, समुपदेशक, प्रमुख. लिंक अर्धवट भरून परत येण्याजोगी हवी. मग आठवड्याच्या अंतराने दोन स्मरणपत्रे, वेगवेगळ्या वारी. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून फोन. शेवटी, नाहीच म्हणणाऱ्यांसाठी आठ प्रश्नांची छोटी आवृत्ती, फोनवरच दहा मिनिटांत: पात्रता, प्रकार, पीडितांची संख्या, कर्मचारी, निधीचा गट आणि सेवाक्षेत्र तरी हाती येते. तिमाही अहवालांचे आठवडे टाळा.

सेवाक्षेत्र म्हणजे कार्यालयाचा पत्ता नव्हे. कार्यालय शहरात आणि काम पाच तालुक्यांत असे सर्रास असते. पत्त्यांवरून नकाशा काढलात तर ग्रामीण भाग ओसाड दिसेल आणि शहर ओसंडून वाहताना दिसेल.

आलेली उत्तरे रोजच्या रोज तपासा, शेवटी नाही. दर कर्मचाऱ्यामागे पीडितांची संख्या काढा. हे एकच गुणोत्तर निम्म्या चुका पकडते. दोन कर्मचारी आणि १४,००० पीडित असे आले तर बहुधा व्याख्यानांना बसलेले श्रोते किंवा वाटलेली पत्रके मोजलेली असतात. फोन करून विचारा; आठवडाभरात विचारले तर भरणाऱ्याला आठवते, तीन महिन्यांनी नाही. शून्य आणि रिकामे यांत फरक ठेवा. 'मानवी तस्करीचे पीडित: ०' हे उत्तर आहे, रिकामी जागा म्हणजे कदाचित त्यांच्या वहीत तो रकानाच नाही.

या आकड्यांवरून गुन्हे किती होतात हे काढायला जाऊ नका. अमेरिकेतल्या घरोघरच्या पीडित सर्वेक्षणानुसार १९९३ ते २००९ या काळात गंभीर हिंसक गुन्ह्यांच्या पीडितांपैकी जेमतेम ९ टक्क्यांना अशा संस्थांची मदत मिळाली होती. संस्थांची वही जे आले त्यांची असते.

छापताना, ज्या रकान्यात पाचपेक्षा कमी संस्था किंवा पीडित आहेत तो झाका, आणि सोबत आणखी एक झाका, नाहीतर बेरजेतून वजा करून पहिला काढता येतो. लहान जिल्ह्यात एकच निवारागृह असेल तर जिल्हावार तक्ता म्हणजे त्या निवारागृहाचाच तक्ता. तिथे दोन-तीन जिल्हे एकत्र करा. उत्तर देणाऱ्या प्रत्येक संस्थेला तिच्या प्रकाराची सरासरी आणि तिचा आकडा शेजारी-शेजारी दाखवणारे एक पान परत पाठवा. त्यातून चुकाही कळतात: 'आमचे ४० कर्मचारी? चार आहेत,' असा फोन अहवाल छापण्याआधी आलेला बरा.